तारेतून जातो तो सूर नव्हे

माझ्याकडे कीबोर्ड शिकायला येणारी बरीच मुलं आता मिडी कंट्रोलर घेऊन येतात. पंचवीस किंवा एकोणपन्नास पट्ट्यांचं हलकं यंत्र, दोन चाकं, चार-सहा बटणं आणि मागे यूएसबीची एक खाच. स्पीकर नाही. पट्टी दाबली की प्लॅस्टिकचा टक् आवाज होतो, बाकी काही नाही. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना हे फार खटकतं. पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते, भात्यातली हवा पितळी रीडमधून जाते आणि त्याच खोक्यातून सूर निघतो. बोट आणि सूर यांच्यात वीतभरही अंतर नसतं.

मी स्वतः पेटीवरच वाढले. पुढे नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत ऑर्गनची साथ केली आणि १९९० नंतरच्या दशकात पुण्यातल्या स्टुडिओंमधून कीबोर्ड वाजवू लागले. त्यामुळे बोट आणि सूर एकमेकांपासून दूर जाताना मी पाहिलेले आहेत. कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडायचा म्हणजे इनपुट निवडा, चॅनल ठरवा, वाद्य उघडा, बफर कमी करा अशी एक यादी असते. मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. मी त्यांना त्या यादीमागचा इतिहास सांगते. त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कधीतरी घेतलेला एक निर्णय आहे, आणि तो कळला की जोडणी पाठ करावी लागत नाही.

सुरुवात १९७०च्या दशकापासून करावी लागते. तेव्हाच्या सिंथेसायझरमध्ये पट्टी दाबली की आत एक विद्युत दाब तयार होई आणि त्या दाबावरून सुराची उंची ठरे. मूग आणि रोलंडच्या वाद्यांत दर सप्तकाला एक व्होल्ट असा हिशेब होता. कॉर्ग आणि यामाहाच्या त्या काळच्या अनेक वाद्यांत दाब कंपनसंख्येच्या प्रमाणात वाढे. दोन वेगळ्या घराण्यांची वाद्यं तारेने जोडली तर एकाचा षड्ज दुसऱ्याला कळत नसे. सूर सुरू करण्याचा इशारासुद्धा प्रत्येकाचा निराळा. म्हणून त्या काळच्या वादकाच्या भोवती कीबोर्डांची चळत दिसते. प्रत्येक आवाजासाठी स्वतंत्र पट्ट्या हव्या असत.

मुंबईच्या सिनेसंगीताने इलेक्ट्रॉनिक पट्ट्या फार लवकर आपल्याशा केल्या होत्या. १९५४च्या ‘नागिन’मधली बीन आठवा. तो आवाज क्लॅव्हिओलिन नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, आणि ते वाजवलं होतं कल्याणजींनी. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९८२मध्ये, सिनेमाच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी तीन रोलंड यंत्रं घेऊन रागांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. तबकडीचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. ती तेव्हा फारशी विकली गेली नाही. २०१० साली पुन्हा निघाली आणि जगभरच्या नृत्यसंगीतवाल्यांनी ती डोक्यावर घेतली.

ही तबकडी मी मुलांना ऐकवते ती आणखी एका कारणासाठी. तेव्हा मिडी अस्तित्वात नव्हतं. टीआर-८०८ आणि टीबी-३०३ एकत्र चालत, पण त्यांच्यातल्या तारेतून फक्त लयीचे ठोके जात. सुरू हो, थांब, आणि दर मात्रेला चोवीस ठोके, एवढंच. कुठला सूर वाजवायचा हे एक यंत्र दुसऱ्याला सांगू शकत नव्हतं. त्या जोडणीसाठीही पुढच्या मिडीसारखी गोल, पाच टोकांचीच पिन वापरत, आणि मात्रेला चोवीस ठोक्यांचा तो हिशेब पुढे मिडीच्या घड्याळातही जसाच्या तसा आला.

सूर सांगणारी तार जन्माला आली ती स्पर्धकांच्या बैठकीतून. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी १९३०मध्ये ओसाकात जन्मले. तरुणपणी त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, पुढे रेडिओ, मग ऑर्गन, आणि १९७२मध्ये रोलंड काढली. प्रत्येक कंपनीची वेगळी जोडणी राहिली तर हा धंदा वाढणार नाही, असं त्यांना वाटू लागलं. जून १९८१मध्ये अमेरिकेतल्या वाद्यव्यापाऱ्यांच्या ‘नॅम’ प्रदर्शनात त्यांनी सिंथेसायझर बनवणाऱ्या टॉम ओबरहाइम यांच्याकडे विषय काढला आणि मग सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ यांच्याशी बोलणं झालं. स्मिथ यांनी १९७८मध्ये प्रॉफेट-५ आणून सिंथेसायझरच्या पोटात मायक्रोप्रोसेसर बसवला होता. दोन यंत्रांत आता आकडेच फिरत असतील तर ते एकमेकांना पाठवता येतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नोव्हेंबर १९८१मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ऑडिओ इंजिनिअरांच्या परिषदेत सहकारी चेट वुड यांच्यासह एक प्रस्ताव मांडला.

पुढच्या वर्षभरात अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्या या चर्चेतून गळाल्या. टिकून राहिले ते सिक्वेन्शियल आणि जपानी चौघे : रोलंड, यामाहा, कॉर्ग, कावाई. बाजारात एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणाऱ्या या कंपन्या पत्रं आणि आराखडे पाठवत राहिल्या आणि प्रस्ताव घासूनपुसून घेत राहिल्या. जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनहाइमच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले. एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती वापरण्यासाठी कुणालाही मानधन द्यावं लागणार नव्हतं. गॅरेजमध्ये बसून यंत्र बनवणाऱ्या माणसालाही ती यामाहाइतकीच खुली होती. या कामासाठी काकेहाशी आणि स्मिथ यांना २०१३मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७मध्ये गेले, स्मिथ २०२२मध्ये. त्यांच्या तारेत तोवर मूलभूत असं काहीच बदलावं लागलं नव्हतं.

हे टिकलं कशामुळे, याचं उत्तर तारेतून काय जातं यात आहे. तारेतून जातो तो सूर नव्हे. जातो तो एक निरोप : अमुक चॅनलवर, अमुक क्रमांकाची पट्टी, इतक्या जोराने दाबली गेली. तीन छोटे आकडे. पट्ट्यांना ० ते १२७ क्रमांक दिले. मधला सी म्हणजे ६०, ४४० कंपनांचा ए म्हणजे ६९. दाबण्याचा जोर १ ते १२७. चॅनल सोळा. पट्टी सोडली की दुसरा निरोप जातो. तो वाटेत हरवला तर सूर तसाच वाजत राहतो. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सगळे सूर एकदम बंद करण्याचं एक बटण असतं.

वेग ठरला सेकंदाला ३१,२५० बिट. हा विचित्र वाटणारा आकडा दहा लाखांना ३२ने भागून येतो. तेव्हाच्या स्वस्त चिपच्या घड्याळातून तो सहज काढता येई. त्या वेगाने एका सुराचा निरोप जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. पिन निवडली घरगुती ध्वनियंत्रांमध्ये वापरली जाणारी पाच टोकांची, कारण ती स्वस्त होती. पाचांपैकी तीनच टोकं वापरात आली. दोन यंत्रांच्या विजेचा थेट संबंध येऊ नये म्हणून निरोप आतल्या आत प्रकाशाच्या रूपाने पलीकडे दिला जातो. त्यामुळे तारेतून गुणगुण येत नाही. सगळे निर्णय काटकसरीचे. गरीब वादकाच्या वाद्यातही हे बसलं पाहिजे, हा आग्रह त्यात स्पष्ट दिसतो. आणि निरोप इतका तोकडा असल्यामुळेच तो जुना झाला नाही. पलीकडे आवाज कशाने निर्माण करायचा, याबद्दल तो काहीच बोलत नाही. १९८३चा सिंथेसायझर एका लहानशा इंटरफेसने आजच्या लॅपटॉपला जोडला तर दोघं पहिल्या क्षणापासून एकमेकांना समजतात. एवढ्या जुन्या कॉम्प्युटरचा प्रिंटर आज कुणी जोडून दाखवावा!

कॉम्प्युटर या गोष्टीत लगेचच आला. निरोप आकड्यांचे, आणि आकडे साठवणं, पुढेमागे करणं हे तर कॉम्प्युटरचंच काम. १९८४मध्ये रोलंडने एमपीयू-४०१ हा इंटरफेस आणला आणि पुढे आयबीएमच्या धर्तीच्या कॉम्प्युटरांत तोच प्रमाण ठरला. १९८५च्या अटारी एसटीला मिडीच्या दोन खाचा कारखान्यातूनच बसवलेल्या होत्या, म्हणून युरोपातल्या स्टुडिओंमध्ये तो सर्रास दिसू लागला. स्टाइनबर्गचं क्युबेस १९८९मध्ये त्याच अटारीवर आलं. डावीकडून उजवीकडे सरकणारं गाणं आणि एकाखाली एक रचलेले ट्रॅक हे त्यातलं चित्र आज सगळ्या सॉफ्टवेअरांत दिसतं.

आमच्याकडे अटारी फारसे दिसले नाहीत. आमच्या स्टुडिओत होता पेंटियम, त्यात साउंड कार्ड, आणि कार्डाच्या मागे जॉयस्टिकसाठी दिलेली पंधरा टोकांची खाच. खेळाच्या त्या खाचेतूनच मिडी निघे. तिला लावायची वायर मी लॅमिंग्टन रोडवरून आणली होती. एका टोकाला पंधरा टोकांची पिन, दुसऱ्या टोकाला गोल पाच टोकांच्या दोन, आणि मध्ये एक लहान डबी. प्रकाशाने निरोप पोचवणारा तो सुटा भाग कार्डावर नसे, म्हणून तो या डबीत बसवलेला होता. सॉफ्टवेअर केकवॉक. एका अभंगाची साथ मी त्यात वाजवली आणि पडद्यावर प्रत्येक सुराची आडवी पट्टी उमटली. गायिकेने आयत्या वेळी काळी चार सोडून काळी पाच मागितली. सगळे सूर निवडले, दोन स्वर वर सरकवले, आणि साथ पुन्हा वाजवावी न लागता तयार झाली. स्केल चेंजर पेटीत सगळ्या पट्ट्या उचलून शेजारच्या रीडवर नेतात. इथे ते काम एका बेरजेने झालं. त्या दुपारपासून मी पट्टी आणि सूर या दोन स्वतंत्र गोष्टी मानू लागले.

त्या स्टुडिओतल्या कीबोर्डवर मला ‘लोकल ऑफ’ ही सोय सापडली, आणि कंट्रोलर म्हणजे काय हे समजायला ती सगळ्यात उपयोगी पडते. आवाज असलेला कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला की प्रत्येक सूर दोनदा वाजू शकतो : एकदा पट्टीने थेट आणि एकदा कॉम्प्युटरकडून परत आलेल्या निरोपाने. लोकल ऑफ केलं की कीबोर्डच्या पट्ट्या त्याच्याच आवाजापासून तोडल्या जातात. पट्ट्या फक्त निरोप देतात, आवाजाचा भाग फक्त निरोप घेतो. एकदा हे दोन तुकडे झाले की ते एकाच खोक्यात ठेवायची गरज उरत नाही. रोलंडने १९८४च्या सुमारासच एमकेबी मालिकेत निव्वळ पट्ट्यांचे कीबोर्ड आणले होते. आवाजाची यंत्रं वेगळी, कपाटात रचून ठेवायची. ते जड, महाग आणि मोठ्या स्टुडिओंसाठी होतं.

आजचा हलका, स्वस्त कंट्रोलर शक्य झाला तो आणखी दोन बदलांमुळे. १९९६मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी आणलं आणि १९९९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला मिडीचे निरोप ऐकता येऊ लागले. म्हणजे वाद्यच सॉफ्टवेअर झालं. त्याच १९९९मध्ये यूएसबीवरून मिडी कसं न्यायचं याचा नियम ठरला. तो पाळणारं यंत्र जोडलं की विंडोज, मॅक किंवा लिनक्स त्याला स्वतःहून ओळखतं. ड्रायव्हरची सीडी लागत नाही. वीजही त्याच तारेतून मिळते. मुलाच्या दप्तरात मावणारा कंट्रोलर या दोन निर्णयांतून आलेला आहे.

आता जोडणीची यादी पुन्हा वाचा. तार लावली की यंत्र ओळखलं जातं, हे १९९९. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मिडी इनपुट म्हणून कंट्रोलरचं नाव निवडायचं, कारण निरोप कुणाकडून घ्यायचा हे सांगावं लागतं. ट्रॅक उघडायचा, त्यावर वाद्य बसवायचं, कारण पाठवणाऱ्याकडे आवाज नाही. ट्रॅकचं लाल बटण दाबून तो सज्ज करायचा, म्हणजे निरोप त्या वाद्यापर्यंत पोचतो. चॅनल ‘सर्व’ ठेवायचा किंवा दोघांचा एकच, हे १९८३. तरीही आवाज आला नाही तर निरोप येतोय का ते आधी बघायचं. बहुतेक सॉफ्टवेअरांत पट्टी दाबली की एक बारीक दिवा लुकलुकतो. दिवा लागत असेल तर तार आणि कंट्रोलर ठीक आहेत, शोध वाद्याच्या बाजूला घ्यायचा. दिवा लागत नसेल तर शोध तारेच्या बाजूला. मुलं घाबरून सगळंच एकदम बदलतात. मी त्यांना आधी दिव्याकडे बघायला लावते.

उरतो उशीर. पट्टी दाबल्यावर सूर मागाहून येतो, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते आणि दोष मिडीवर जातो. खरं तर निरोप एका मिलिसेकंदात पोचलेला असतो. वेळ लागतो तो कॉम्प्युटरला आवाज तयार करून साठवायला. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद; १२८चा म्हणजे तीनहून कमी. द्रुत लयीत २३ मिलिसेकंद बोटांना जाणवतात, तबल्याबरोबर तर फारच. १९९७मध्ये स्टाइनबर्गनेच आणलेला एसिओ हा विंडोजमधला जलद रस्ता निवडायचा, वाजवताना बफर कमी करायचा आणि मिश्रण करताना पुन्हा वाढवायचा.

इथपर्यंत सगळं देखणं आहे. पण पेटीवर वाढलेल्या माणसाला या तारेत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून कमी पडते. मिडीने सूर पट्टीच्या क्रमांकाने ओळखला, आणि दोन क्रमांकांमध्ये जागा ठेवली नाही. मींड कुठून जाणार? हा वाद आमच्याकडे पेटीबरोबरच आला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींची गणितं मांडली आणि ई. क्लेमंट्स यांच्याबरोबर श्रुतींच्या पेटीचा पाठपुरावा केला. १९४०पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, ती १९७१मध्ये उठू लागली. पेटीवर मींड येत नाही आणि तिचे सूर समान अंतरांत बांधलेले असतात, हे त्यामागचे मोठे आक्षेप होते. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून दाखवली. १९८१-८२च्या बैठकींत अमेरिका आणि जपानच्या कंपन्या होत्या. देवलांचा प्रश्न तिथे कुणी मांडला नाही.

तरी जे दिलं गेलं त्यातूनही वाट काढता येते. डावीकडचं पिच बेंडचं चाक १६,३८४ पायऱ्यांचं आहे. ते बहुधा वर-खाली दोन-दोन स्वर हलतं. वाद्याच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा सात केली की षड्जापासून पंचमापर्यंत सलग जाता येतं. पण चाकाचा निरोप पूर्ण चॅनलला लागू होतो. त्याच चॅनलवर षड्ज धरून ठेवला असेल तर मींडेबरोबर तोही सरकतो. म्हणून धरलेल्या षड्जाला वेगळा ट्रॅक आणि वेगळा चॅनल द्यायचा. १९९२मध्ये मिडीला सुरावट बांधण्याचा नियम मिळाला. त्यात प्रत्येक पट्टीचा सूर सेंटच्या शंभराव्या भागाहूनही बारीक ठरवता येतो (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट उतरलेला हवा, तर तो तसा बांधता येतो. २०१८च्या एमपीई या नियमाने प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनल दिला, म्हणजे दोन सूर स्वतंत्रपणे वळवता येतात. जानेवारी २०२०मध्ये मिडी २.० आलं. त्यात जोराच्या १२८ पायऱ्यांच्या जागी ६५,५३६ पायऱ्या आल्या, प्रत्येक सुराला स्वतःची वळणं मिळाली आणि निरोप दोन्ही बाजूंनी जाऊ लागला.

अडचण आता तारेत राहिलेली नाही, ती आमच्या सवयीत आहे. बाजारातला कंट्रोलर कारखान्याने जसा बांधला तसाच आम्ही वाजवतो आणि मुलांच्या कानात समान अंतरांचा गंधार बसतो. सुरावटीच्या नियमांचे दस्तऐवज खुले आहेत. रागानुसार श्रुती बांधलेल्या तक्त्यांची फाइल एका शिक्षकाने केली तर ती शंभर जणांना वापरता येते, आणि कुणाला मानधन द्यावं लागत नाही. १९८३मध्ये पाच प्रतिस्पर्धी कंपन्यांनी जे केलं तेवढं तरी पुण्या-मुंबईतल्या पेटीवाल्यांनी, कीबोर्डवाल्यांनी आणि गायकांनी एकत्र बसून करावं. यमन, दरबारी, तोडी या तीन रागांपासून सुरुवात करावी, गायकाकडून प्रत्येक स्वर तपासून घ्यावा, आणि तक्ता सर्वांना मोकळा द्यावा. माझ्या वर्गातल्या मुलांबरोबर यमनचं काम मी सुरू केलं आहे. इतरांनीही हात लावावा, ही माझी मनापासूनची मागणी आहे.